जुनाट दुखणे आणि गोळीशिवायचे उपाय : सिस्टरकडून शिकलेल्या काही गोष्टी



सुरुवातीलाच सांगतो की मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. बी.कॉम. झालो, बँकेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर रामपायलीला घरी परत आलो. तेव्हा आजारपणाच्या विषयावर याने का लिहावे, असा प्रश्न काहींना पडेल. पण गेल्या तीन वर्षांत आमच्या घरी जे घडले त्यामुळे या विषयावर बरेच वाचावे लागले, जाणकारांना विचारावे लागले आणि घरी करून पाहावे लागले. त्याचा आपल्या माणसांना उपयोग व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सौ.ला आठ-नऊ वर्षांपासून कंबरेचा आणि दोन्ही गुडघ्यांचा त्रास आहे. सुरुवातीला डॉक्टरांनी पाच दिवसांची गोळी दिली होती. गोळीने बरे वाटले. पुढे दुखले की तीच पट्टी औषधाच्या दुकानातून आणायची, अशी सवय लागली. सकाळी एक, रात्री एक, आणि घरात लग्नकार्य असले तर दुपारी आणखी एक. दुकानदार कधी चिठ्ठी मागत नव्हता आणि आम्हीही कधी डॉक्टरांना पुन्हा विचारले नाही. दोष द्यायचा तर पहिला माझाच, कारण पट्ट्या आणून देणारा मीच होतो. मग एके दिवशी तिच्या पायांवर सूज दिसली. रक्त तपासले तर क्रिएटिनिन वाढलेले. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले की मूत्रपिंडावर ताण आला आहे, आजपासून ही गोळी बंद.

गोळी बंद झाली, पण दुखणे थोडेच बंद होणार! "मग आता दुखले की करायचे काय?" असे आम्ही विचारले, तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला तिथल्या एका अनुभवी सिस्टरकडे पाठवले. त्या बाईंनी आमच्यासाठी पाऊण तास दिला. त्या पाऊण तासात जे कळले ते आठ-नऊ वर्षांत कोणी सांगितले नव्हते. त्या गोष्टी आणि त्यानंतर केलेले वाचन, दोन्ही इथे क्रमाने मांडतो.

जुनाट दुखणे म्हणजे काय

काटा रुतला, हाड मोडले, दात दुखला, हे ताजे दुखणे. ते शरीराने दिलेली सूचना असते. जखम भरली की ते जाते. जे दुखणे तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकते किंवा पुन्हा पुन्हा येते त्याला जुनाट दुखणे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांची जी नवी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू केली, तिच्यात जुनाट दुखण्याला स्वतंत्र स्थान दिले आहे. म्हणजे दुखणे हे नेहमी दुसऱ्या कुठल्या आजाराचे लक्षणच असते असे नाही, काही वेळा दुखणे हाच आजार असतो.

हे किती लोकांना आहे? फक्त कंबरदुखीचा हिशेब घेतला तर २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना ती होती, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या भागात तर वेगळे सांगायला नको. धानाच्या बांधीत कंबरेत वाकून दिवसभर रोवणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणे, मांडी घालून तासन्‌तास विड्या वळणे, वारासिवनीकडे हातमागावर बसणे. ही सगळी कामे कंबर, मान आणि गुडघे यांच्या जिवावरच होतात. आणि आम्ही बँकवाले खुर्चीत बसून बसून मान धरून घेतो, तो भाग निराळा.

बँकेचा सायरन आणि मणक्यातले दार

जखम नसताना दुखते कसे, हे मला आधी समजत नव्हते. सिस्टरने समजावल्यावर मला आमच्या एका शाखेतला सायरन आठवला. स्ट्राँगरूमला कोणी हात लावला तर वाजावा म्हणून तो बसवलेला. पुढे त्यात काही बिघाड झाला आणि पाल फिरली तरी तो वाजू लागला. चोर नव्हता, पण आवाज खराच होता आणि झोप सगळ्यांचीच मोडत होती. जुनाट दुखण्यात मज्जासंस्थेचे असेच होते. बरेच महिने दुखत राहिल्याने मज्जारज्जू आणि मेंदू जास्त हळवे होतात आणि साध्या हालचालीलाही धोका समजून सायरन वाजवतात. म्हणून "एक्स-रेमध्ये फारसे काही नाही" आणि "मला फार दुखते" ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात. अशा माणसाला नाटकी म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

दुसरी गोष्ट दाराची. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली असा सिद्धांत मांडला की दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत एक प्रकारचे दार लागते. स्पर्श, दाब, चोळणे यांचे निरोप वेगळ्या, जाड तंतूंमधून लवकर पोहोचतात आणि ते दार थोडे लोटून घेतात. मेंदूकडूनही खाली निरोप येतात. भीती, काळजी, जागरण यांनी दार जास्त उघडते. धीर, विसावा, मन दुसरीकडे लागणे यांनी ते मिटते. पुढे या सिद्धांतात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ कल्पना टिकली. लहान मूल पडले की आई गुडघा चोळते, फुंकर घालते आणि मूल गप्प होते, त्याचे शास्त्र हेच. गोळीशिवायचे बहुतेक उपाय हे दार लोटण्याचे उपाय आहेत.

नर्सचे पहिले काम : विश्वास ठेवणे

सिस्टरने सौ.ला पहिला प्रश्न विचारला तो असा : "काकू, तुम्ही सांगा, कुठं कुठं दुखते आणि कसं दुखते? मी लिहून घेते." सौ. बोलता बोलता रडली. आठ-नऊ वर्षांत असे कोणी विचारलेच नव्हते. मीसुद्धा नाही.

मार्गो मॅकॅफरी नावाच्या अमेरिकेतील एका नर्सने १९६८ साली दुखण्याची जी व्याख्या केली तिचा आशय असा की ज्याला दुखते तो सांगेल तेच त्याचे दुखणे आणि तो म्हणेल तेवढेच ते आहे. वाचायला साधे वाटते, पण यामुळे जगभर परिचर्येची पद्धत बदलली. ताप मोजायला थर्मामीटर आहे, दुखणे मोजायला यंत्र नाही. रोग्याचे सांगणे हेच माप.

ते माप घेण्याची सोपी रीत म्हणजे ० ते १०. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पनेतले सर्वांत वाईट. ज्यांना आकडे जमत नाहीत त्यांना हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंतची चित्रे दाखवतात. त्याबरोबर हेही विचारतात : कुठे दुखते, केव्हापासून, ठणकते की जळजळते की मुंग्या येतात, कशाने वाढते, कशाने कमी होते, झोप होते का, आणि या दुखण्यामुळे तुमचे कोणते काम सुटले? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सौ. म्हणाली, "कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला चंदन नदीवरच्या बालाजीला चालत जाणे सुटले." सिस्टरने वहीत तेच ध्येय म्हणून लिहिले. "दुखणे शून्यावर आणायचे" असे लिहिले नाही. "काकूंना देवळापर्यंत चालत न्यायचे" असे लिहिले.

दुखण्याची वही

बँकेतल्या माणसाला ही गोष्ट लगेच पटली. एक साधी वही घ्या. रोज रात्री पाच रकाने भरा : दुखणे कितीवर होते, कोणते काम केले, किती चाललो, झोप कशी झाली, आणि कोणता उपाय केला. दोन आठवड्यांनी वही वाचली की नमुना दिसू लागतो.

आमच्या वहीत दिसले ते असे. ज्या दिवशी सौ.ला बरे वाटे त्या दिवशी ती घरभर सफाई करी, पापड घाली, गोधड्या धुई. पुढचे तीन दिवस ती आडवी. म्हणजे खात्यात चार पैसे आले की सगळे काढून घ्यायचे आणि मग तीन दिवस ओव्हरड्राफ्टवर राहायचे. सिस्टरने सांगितलेला उपाय : काम वाटून घ्या आणि घड्याळ लावून करा. वीस मिनिटे काम, दहा मिनिटे विसावा. दुखले म्हणून थांबायचे नाही, वेळ झाली म्हणून थांबायचे. बरे वाटत असले तरीही थांबायचे. हे ऐकायला सोपे आणि करायला सर्वांत कठीण, कारण आपल्या बायकांना अर्धे काम टाकून बसणे जमत नाही. इथे घरच्यांनी उरलेले काम उचलले तरच हे साधते. आता झाडणे माझ्याकडे आहे.

शेक, थंड पट्टी आणि मालीश

गरम शेक जुनाट आखडलेल्या स्नायूंना चांगला. गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर गरम केलेल्या वाळूची अथवा मिठाची पुरचुंडी चालते. आपल्याकडे निरगुडीचा पाला गरम करून बांधतात, तीही शेकाचीच रीत आहे. पंधरा ते वीस मिनिटे पुरे, आणि त्वचेवर आधी कापड ठेवावे. पिशवी अंगाखाली घेऊन झोपू नये. ज्यांना मधुमेह आहे आणि पायांना बधिरता आहे त्यांनी पायाला शेक घेऊच नये, कारण भाजलेले कळत नाही आणि जखम चिघळते.

ताजा मुरगळा किंवा ताजी सूज असेल तर पहिले एक-दोन दिवस थंड पट्टी बरी. बर्फ थेट कातडीवर लावू नये, फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावावा.

मालीश आपल्याला नवे नाही. तिळाचे तेल घ्या, मोहाच्या बियांचे घ्या की मोहरीचे, खरा गुण मुख्यतः हाताच्या स्पर्शाचा आणि दाबाचा आहे. वर सांगितलेले दार तोच लोटतो. हलक्या हाताने, लांब फिरवत, दहा मिनिटे. सुजलेल्या लाल सांध्यावर, जखमेवर, किंवा एकाच पोटरीत अचानक सूज व दुखणे आले असेल तर मालीश करू नये. अशी पोटरी डॉक्टरांना दाखवावी, आत रक्ताची गाठ असू शकते. मालिशीचा परिणाम थोडा वेळच टिकतो हेही खरे. पण त्या वेळात माणूस उठून चालू शकतो, व्यायाम करू शकतो, हाच त्याचा उपयोग.

झोपण्याची पद्धतही पाहावी. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी, उताणे झोपताना गुडघ्यांखाली उशी, यात एक रुपयाही खर्च नाही. सौ.ला सर्वांत आधी गुण आला तो या उशीचा.

चालणे आणि व्यायाम

कंबर धरली की आडवे पडून राहायचे, ही जुनी समजूत. आता तज्ज्ञ नेमके उलटे सांगतात : जमेल तेवढे हालते राहा. पडून राहिल्याने स्नायू अशक्त होतात आणि दुखणे वाढते.

ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर एक अभ्यास झाला. २०२४ साली तो 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हे लोक नुकतेच कंबरदुखीतून बरे झालेले होते. काहींना हळूहळू चालणे वाढवण्याचा कार्यक्रम आणि थोडे मार्गदर्शन दिले, काहींना काहीच दिले नाही. दुसऱ्या गटातल्या निम्म्या लोकांची कंबर ११२ दिवसांत पुन्हा दुखू लागली. चालणाऱ्या गटात त्याला २०८ दिवस लागले. चालण्याला ना मशीन लागते ना फी.

सौ.ने सुरुवात घरापासून कोपऱ्यापर्यंत केली, पाच मिनिटे. दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवली. गुडघ्यांसाठी सिस्टरने तीन व्यायाम दिले. एक, पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, दहा वेळा. दोन, उताणे झोपून एक पाय दुमडायचा आणि दुसरा सरळ पाय वीतभर उचलायचा. तीन, खुर्चीवरून हाताच्या आधाराशिवाय उठायचे आणि सावकाश बसायचे. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार तो घेतो. वजन कमी करण्याचेही तसेच : शरीराचे १ किलो वजन कमी झाले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो, असे एका अमेरिकी अभ्यासात आढळले आहे. सौ.चे वजन फार उतरले नाही, पण वाढायचे थांबले.

व्यायामाने थोडे दुखणारच. ते दुसऱ्या दिवशीपर्यंत शांत झाले तर ठीक. दोन दिवस टिकले तर मात्रा कमी करावी, बंद करू नये.

योगासनेही चालतात, पण टीव्हीवर पाहून नव्हे. लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगाचा प्रयोगशाळेतून अभ्यास सुरू केला. योग म्हणजे चमत्कार नव्हे, तो मोजून, तपासून करायचा, ही दृष्टी तेव्हाची आहे. अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी औषधाच्या आधी करायच्या उपायांत व्यायाम आणि योग यांची नावे घेतली आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी वज्रासन आणि मांडी घालण्याचा हट्ट सोडावा. खुर्चीवर बसूनही योग होतो.

श्वास, झोप आणि मन

"दुखणे मनाचे आहे" असे म्हटले की माणूस दुखावतो, आणि ते बरोबरच आहे. पण दुखणे मनालाही आहे, हे म्हणणे वेगळे. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. त्यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह काढले. त्यांचे सांगणे असे की दुखणे चार बाजूंनी असते : शरीराचे, मनाचे, घरादाराचे आणि श्रद्धेचे. त्यांच्या कामाच्या प्रेरणेने असे पहिले शुश्रूषागृह आपल्या देशात १९८६ मध्ये मुंबईच्या वांद्र्याला निघाले, ते शांती अवेदना सदन. तिथे असाध्य कर्करोगाच्या रुग्णांची सेवा होते. तिथले मुख्य बळ परिचारिकांचेच.

घरी करता येण्याजोगे उपाय असे. नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, चार आकडे. सोडताना सहा आकडे. दहा मिनिटे, दिवसातून दोनदा. झोपताना पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक भाग आवळून मग सैल सोडायचा. जो भाग दुखतो तो आवळायचा नाही, फक्त सैल सोडायचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी ध्यानाचा वर्ग सुरू केला. त्यात दुखण्याशी भांडण न करता त्याच्याकडे पाहायला शिकवतात. यामुळे दुखणे एकदम जात नाही, पण दुखण्याची दहशत कमी होते.

संगीताचाही थोडा उपयोग होतो. सौ. संध्याकाळी रेडिओ लावून हरिपाठ म्हणते. तेवढा अर्धा तास वहीत नेहमी एक-दोन आकडे कमी असतात. झोपेची वेळ ठरलेली असावी, दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नको, संध्याकाळनंतर चहा नको. रात्र नीट झाली नाही तर दुसऱ्या दिवशी दुखणे जास्त, हे आमच्या वहीत इतक्या वेळा आले की ते मला पाठ झाले.

आपल्याच मुलखातील दोन उदाहरणे

पहिले बाबा आमटे यांचे. वरोऱ्याचे आनंदवन आपल्याला माहीत आहे. बाबांचा मणका इतका खराब झाला होता की त्यांना बसता येत नसे. उभे राहायचे नाहीतर आडवे व्हायचे, एवढेच शक्य होते. त्या अवस्थेत १९८५ साली त्यांनी कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत 'भारत जोडो' यात्रा काढली आणि गाडीत आडवे पडून प्रवास केला. साधनाताई बरोबर होत्या. प्रत्येकाने बाबा आमटे व्हावे असे मला म्हणायचे नाही. पण दुखणे संपण्याची वाट न पाहता त्याच्या भोवती आयुष्याची मांडणी करता येते, हे त्यांनी दाखवले.

दुसरे गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालमृत्यूवर काम केले हे सर्वांना ठाऊक आहे. पण गावकऱ्यांच्या कंबरदुखी, पाठदुखी, गुडघेदुखीकडेही त्यांनी लक्ष दिले. मुंबईचे मणक्याचे डॉक्टर शेखर भोजराज यांची स्पाइन फाउंडेशन तिथे ग्रामीण भागातल्या रुग्णांसाठी मणक्याचे उपचार करत आली आहे. गडचिरोलीचा शेतकरी आपल्यासारखाच धान पिकवणारा. त्याची कंबर आणि आपली कंबर एकच.

काय करू नये

एक : बिब्बा घालणे, तापलेल्या सळईने डाग देणे. आपल्या खेड्यांत अजून चालते. जुने दुखणे तसेच राहते आणि वर भाजल्याची जखम होते.

दोन : सांधेदुखीवर हमखास गुण म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे अनेकदा आढळले आहे. पहिल्या आठवड्यात चमत्कार वाटतो. मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर ती एकदम बंदही करू नये, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे.

तीन : कंबरेचा पट्टा कायम लावणे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांत माहिती देणे, व्यायाम, मालीश, मानसिक उपचार यांची शिफारस आहे आणि पट्टे व वजन लावून ओढणे यांची शिफारस नाही. आमच्या कपाटात दोन पट्टे पडून आहेत. किंमत सांगत नाही.

चार : खालील खुणा असतील तर घरगुती उपाय करत बसणे. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरता, पायातली शक्ती अचानक कमी होणे, दुखण्याबरोबर ताप किंवा वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे व विसाव्यानेही न थांबणारे दुखणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, पडल्यानंतरचे दुखणे. आणि छातीत, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखले तर एक मिनिटही थांबू नये. हे उपाय त्यांच्यासाठी नाहीत.

आणि गोळी? ती शत्रू नाही. डॉक्टरांनी सांगितलेली, सांगितलेल्या दिवसांपुरती गोळी जरूर घ्यावी. चूक आहे ती वर्षानुवर्षे, न विचारता घेण्याची. या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर हा धोका आणखी वाढतो. तसेच सुरू असलेले औषध हा लेख वाचून बंद करू नये. जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जे समुदाय आरोग्य अधिकारी असतात, ते बहुधा परिचर्येचे शिक्षण घेतलेले असतात. ते रक्तदाब तपासतात आणि पुढे कुठे दाखवायचे ते सांगतात. १९५६ पर्यंत नागपूर ही आपली राजधानी होती, म्हणून जरा दुखले की नागपूर ही सवय आपल्याला आहेच. पण पहिला प्रश्न गावातही विचारता येतो.

शेवटी

सौ.चे दुखणे गेलेले नाही. तीन वर्षांपूर्वी वहीत सात-आठ असायचे, आता तीन-चार असते, वाईट दिवशी सहा. क्रिएटिनिन आणखी वाढले नाही. गेल्या कार्तिक पौर्णिमेला ती बालाजीच्या दर्शनाला चालत गेली. वाटेत तीनदा बसली, पण गेली.

मला मात्र आईची आठवण येते. तिनेही आयुष्यभर बांधीत वाकून काम केले होते. म्हातारपणी ती "कंबर धरली रे" म्हणायची आणि मी बदलीच्या गावाहून आलो की म्हणायचो, "आई, आता वय झाले." तिच्या उशाशी बसून कुठे दुखते, कसे दुखते, हे मी एकदाही विचारले नाही. ते विचारायला पैसे लागत नव्हते, शिक्षणही लागत नव्हते.

म्हणून मंडळापुढे दोन साध्या सूचना ठेवतो. एक, गणेशोत्सवात आणि हळदीकुंकवाला सतरंजीबरोबर वीस-पंचवीस खुर्च्या मांडाव्यात. आपल्या कितीतरी काकू आणि मावशा केवळ खाली बसता येत नाही म्हणून घरी राहतात आणि आपल्याला वाटते की त्यांना आवड उरली नाही. दोन, जे सभासद दुखण्यामुळे घराबाहेर पडत नाहीत त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा कोणीतरी जावे. केरळात गावोगावचे स्वयंसेवक आणि नर्स असे घरोघरी जातात आणि त्यावर तिथे मोठे काम उभे राहिले आहे. आपल्याला तेवढे जमणार नाही, पण अर्धा तास बसून "आज किती दुखते?" एवढे विचारणे जमेल. वहीचे कोरे पान मी छापून ठेवले आहे. ज्यांना हवे त्यांनी संध्याकाळी घरी येऊन न्यावे, चहा घ्यावा.